थापडेला वन्समोर

कोसमटोला, ता. सावली
२९ नोव्हेंबर १९९८

श्री. भूपेश गुणवंतराव भोयर यांस,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही.

आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला दोन आठवडे होऊन गेले. माझी बहीण दामिनी, म्हणजे तुमची बायको, अजून आमच्याच घरी आहे. तुमच्या वडिलांनी दोन्ही गावांत ये-जा करणाऱ्या पोचूच्या तोंडी निरोप धाडला की तिने बोरटोल्याला येऊन पंचांसमोर सासऱ्याचे पाय धरावेत, चुकलं म्हणावं, आणि जन्मात पुन्हा नाटकाला जाणार नाही अशी शपथ घ्यावी. मगच तिला उंबऱ्याच्या आत घेतलं जाईल. निरोप सांगताना पोचूला हसू येत होतं. मला आलं नाही.

तुम्ही त्या रात्री तिथे होता. तरी मी सगळं क्रमाने लिहितो, कारण तुमच्या गावात वेगळंच पसरवलं जात आहे.

म्हणे आम्ही मुद्दाम व्याह्याच्या नावाचा खलनायक उभा केला. ‘उंबऱ्यावरची वाघीण’ हे नाटक छापील आहे. त्यातल्या दुष्ट सासऱ्याचं नाव गुणवंतराव आहे. आमच्या मंडळाने महिनाभर तालमी केल्या, रोज ते नाव पन्नास वेळा घेतलं, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. तुम्हाला हे खोटं वाटेल. पण आमच्या गावात तुमच्या वडिलांना नावाने कोण बोलतं? ते आमचे व्याही. माझ्या आईबाबांसाठी ‘बोरटोल्याचे पाव्हणे’, दामिनीबाईसाठी ‘मामाजी’. त्यांना नाव आहे, हेच आम्ही मानापोटी विसरलो होतो. नावाने हाक मारत असतो तर ही चूक झाली नसती.

मी विंगेत प्रॉम्प्टिंगला होतो. पुस्तकात होतं ते नाव मी पुरवलं. तिसऱ्या अंकात वडशाहून आणलेली नटी, “गुणवंतराव, जो हात तुळशीला पाणी घालतो, तोच हात हे पण करतो,” म्हणाली आणि तिने सासरा झालेल्या आमच्या पत्रूला अशी थापड हाणली की त्याची मिशी सुटून ऑर्गनवाल्याच्या मांडीवर पडली. लोक उभे राहिले. “वन्समोर! वन्समोर!”

गाण्याला वन्समोर मिळतो हे तुम्हाला माहीत आहे. थापडेला मिळालेला मी पहिल्यांदा पाहिला. पण पब्लिकने मागितला की द्यावा लागतो. पत्रूने मिशी चिकटवली, दुसरा गाल पुढे केला. पुन्हा थापड, पुन्हा वन्समोर. मग लोक दमून खाली बसत होते, तेवढ्यात बायकांच्या बाजूने एकटीचा आवाज आला: “वन्समोर!” तो दामिनीबाईचा होता. हे मी नाकारत नाही.

तुमचे वडील पहिल्या रांगेत, आम्हीच दिलेल्या मानाच्या खुर्चीवर होते. ते उठून मागे वळले आणि ओरडले, “मायीच सून मले मारा म्हणते काय बे?” त्यावर पब्लिकला बसायला खणलेल्या खड्ड्यातून कोणीतरी म्हणालं, “खाली बसा ना काका, थापड दिसून नाई राह्यली!” सगळी बैठक हसली. हसणारे तीन हजार होते, शिक्षा एकटीला आहे.

सुनेने सासऱ्याचं नाव घेऊ नये ही रीत आम्हीही पाळतो. तिने नाव घेतलं नाही. नटीने घेतलं, मी पुरवलं, छापणाऱ्याने छापलं. दामिनीबाई स्वतः म्हणते, “माफी कायची? वन्समोर म्या पत्रूभाऊच्या गालाले देल्ला.”

आणि तुम्ही? तुमची बायको हजारो लोकांच्या नजरेखाली उभी होती, तेव्हा तुम्ही वाकून वडिलांची चप्पल शोधत होता. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. तुम्हाला चप्पल लवकर सापडली.

पौष लागायच्या आत येऊन तिला मानाने घेऊन जा. माफी मिळणार नाही.

मिथुन डोमाजी मानकर
(‘आपला’ लिहिणार होतो, पण खोटं ठरलं असतं.)


कोसमटोला
१७ जानेवारी १९९९

श्री. भूपेश भोयर यांस,

आज पौष संपला. तुमचं उत्तर नाही. पोस्टमन म्हणतो की पत्र त्याने तुमच्याच हातात दिलं, तुम्ही ते तिथेच उभ्याने वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. म्हणजे मिळालं नाही असं आता म्हणता येणार नाही.

तुमचे वडील मुलचेऱ्याकडे तुमच्यासाठी दुसरी मुलगी पाहून आले हे आमच्या कानावर आलं आहे. जीपमध्ये मागच्या सीटवर तुम्हीही होता म्हणतात. खरं असेल तर तुम्हाला काय म्हणावं, तो शब्द मला येतो, त्याचं शुद्धलेखनही येतं. बाबा घरात आहेत म्हणून लिहीत नाही.

तुम्हाला वाटत असेल की इकडे दामिनी रडत बसली आहे. तसं समजू नका. धान घरी आलं, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या, आणि गावोगावी नाटकं लागली. ती शेजारच्या बायकांबरोबर बैलबंडीत बसून जाते. पहिल्यांदा मीच नको म्हटलं. लोक काय म्हणतील? नवऱ्याने टाकलेली बाई नाटकं पाहत हिंडते म्हणतील. आईने मलाच झापलं, “जाऊ दे तिले. इथी बसून का भिंतीले पाहीन? ज्या नाटकापायी घर सुटलं, ते नाटक तरी पोटभर पाहू दे.”

मग मी गप्प बसलो. आणि खरं सांगतो, नाटकाने तिला वाचवलं. बोरटोल्याहून आली तेव्हा गाल बसले होते. आता सकाळी बंडीतून उतरते तेव्हा डोळ्यांत झोप असते, पण चेहरा असा फुललेला असतो की आई मीठमिरची ओवाळते. स्वयंपाक करताना गाणी म्हणते. शेजारच्या बायका तिला चिडवतात, “का वो दामिनी, नायक लयच आवडला वाटते!” ती लाजते. तुमच्या घरात राहून तिचं हे लाजणं मेलं होतं, ते एका रंगवलेल्या पडद्याने परत आणलं. तुम्हाला लाज वाटावी म्हणून हे लिहितो.

एकच गोष्ट मला खटकते. मी मंडळाचं काम करतो, म्हणून दुसऱ्या मंडळींनी शेवट कसा बसवला हे तिला विचारतो. तिला एकाही नाटकाचा शेवट सांगता येत नाही. “झोप लागली रे,” म्हणते. पहिले दोन अंक मात्र गाण्यांसकट पाठ. मनाला जखम असली की माणसाला शेवट सोसवत नाही, असं मी समजतो. ती जखम तुमची आहे.

मुलचेऱ्याची सोयरीक झाली तर आम्ही कोर्टात जाऊ. गोडीने शेवटचं सांगतो. वडिलांसमोर उभे राहा आणि म्हणा, ती माझी बायको आहे, ती माफी न मागता येईल. एवढंच वाक्य आहे. पाठ होत नसेल तर मी विंगेतून पुरवतो.

मिथुन डोमाजी मानकर


कोसमटोला
२२ फेब्रुवारी १९९९

भूपेश भोयर,

‘श्री.’ काढला आहे.

परवा गोंडपिपरीकडच्या एका गावात शंकरपटाच्या बैलशर्यती झाल्यावर रात्री नाटक होतं. त्यांच्या प्रॉम्प्टरचा घसा बसला म्हणून मला बोलावणं आलं. अनोळखी पुस्तक, अनोळखी नट, त्यामुळे मी आधीच घाबरलेलो होतो. दुसरा अंक सुरू व्हायच्या वेळी नट मंडळी पडद्याच्या भोकातून पब्लिक किती आहे ते पाहत होती. मीही डोळा लावला.

मागे, जिथे घरची माणसं एकत्र बसतात, तिथे शेंगावाल्याच्या कंदिलाजवळ अंथरलेल्या एका बोऱ्यावर, एकाच चादरीत दोघं बसली होती. पुरुष शेंगा सोलून बाईच्या हातावर देत होता. मग त्याने खिशातून निळा कागद काढला आणि कंदिलाकडे धरून वाचू लागला. बाई हसत होती. कमरेवर हात धरून, वाकून वाकून हसत होती.

मी पत्रं निळ्या अंतर्देशीय पत्रावर लिहितो.

पडदा उठल्यावर पुढचं मला नीट आठवत नाही. नायक “आई, मी आलो!” म्हणून आत आला, पुढचं वाक्य मिळेना म्हणून बाहेर गेला, आणि पुन्हा “आई, मी आलो!” म्हणून आला. पब्लिकमधून कोणीतरी ओरडलं, “अबे, येकदाचा ये नाई तं जाय!” त्या गावात मला आता कोणी बोलावणार नाही. अंक संपल्यावर मी धावत मागे गेलो. बोरा तिथेच होता. तुम्ही दोघं नव्हता.

सकाळी परतताना मी दामिनीबाईला बंडीतून उतरवलं आणि पायी चालवलं. आमचं बोलणं जसं झालं तसं देतो.

मी म्हटलं, “बाई, शेवट का झाला नाटकाचा?”

“झोप लागली रे.”

“बोऱ्यावर लागली, का भूपेशभाऊजीच्या खांद्यावर?”

ती थांबली. रडेल असं मला वाटलं. ती हसली.

“कधीपासून चालू हाये?”

“तुयं पयलं पत्र गेलं ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. सावलीच्या नाटकाले तो मले शोधत आला. तसा मनानं चांगला हाये रे. बापाले भेते. म्हणे, बुढा थोडा थंडा होऊ दे, मंग घरी नेतो.”

“अन् मुलचेऱ्याची पोरगी?”

“बापानं जीपमधी बसवलं, हा बसला. पोरीकडे पाह्यलं नाई म्हणते.”

“अन् माये पत्र?”

“वाचून दाखवते ना मले. अक्षर लय सुंदर म्हणते तुयं. काना नाई, मात्रा नाई, काहीच चुकत नाई म्हणते. ते ‘विसरून राहिलेला नाही’ आलं का मले हासूच आवरत नाई.”

मी तिला काही बोललो नाही. तुम्हाला बोलतो.

मी ही पत्रं आधी कच्ची लिहितो, मग पक्की करतो. पहिल्या पत्रापायी दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तुमच्याशी भांडायची मला सवय नाही. लग्नात तुम्ही मला घड्याळ दिलं होतं, ते मी काढून ठेवलं. निरोप आणणाऱ्या पोचूशी मी बोलणं टाकलं, त्या गरिबाचा काय दोष? मी तिच्यासाठी वैर धरत होतो आणि तुम्ही ते वैर मध्यंतरात चहासोबत वाचत होता.

तुमचे वडील जे वाटतं ते तोंडावर बोलतात. वाईट बोलतात, पण उभं राहून बोलतात. माझ्या हिशेबी तुम्ही त्यांच्याहून खाली आहात. घरात बापाचा मुलगा, आणि चादरीत बायकोचा नवरा. दोन्हीकडे टाळी.

आता एक गोष्ट लिहिताना हात अडतो. कोणत्याच नाटकाचा शेवट तिला माहीत नाही, याचा अर्थ मला उशिरा कळला. तिसरा अंक सुरू झाला की तुम्ही दोघं उठून जात होता. नवरा-बायको आहात, मला त्यात बोलायचा अधिकार नाही. पण जगाच्या लेखी तुम्ही नोव्हेंबरपासून तिचं तोंड पाहिलेलं नाही. उद्या काही झालं, तर ती नवऱ्यासोबत होती हे नवऱ्यालाच सांगावं लागेल. तिने सांगून चालणार नाही, मी लिहून चालणार नाही.

होळीच्या आत वडिलांना सांगा. आणि हे पत्र तिला वाचून दाखवू नका.

मिथुन


कोसमटोला
११ एप्रिल १९९९

भूपेशभाऊजी,

‘भाऊजी’ बाईने लिहायला लावलं आहे. बाकीचं पत्र माझं आहे.

होळी झाली, पाडवा झाला. तुम्ही वडिलांना सांगितलं नाही. मग बाईला उलट्या सुरू झाल्या आणि सांगायची वेळ तिच्यावर आली. शुक्रवारी आम्ही तिला घेऊन तुमच्या अंगणात आलो. पुढचं तुमच्या डोळ्यांदेखत झालं, तरी मी लिहितो, कारण तुम्ही सगळा वेळ जमिनीकडे पाहत होता आणि कदाचित तुम्हाला दिसलं नसेल.

पंच बसले. अर्धं बोरटोला कुडाला टेकून उभं होतं. आईने पदर सावरत सांगितलं की दामिनीला तिसरा महिना आहे. तुमचे वडील खाटेवर सरकून बसले. मग माझ्या आईकडे न पाहता म्हणाले, “पाच महिने झाले मायघरी हाये. माया पोरगा घरून हालला नाई. मंग हे आलं कुठून?”

माझे बाबा उठून उभे राहिले. जन्मभर तलावात जाळं टाकणारा माणूस, त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. त्या दिवशीही चढला नाही. ते तुम्हाला म्हणाले, “जवाईबापू, बोला.”

तुम्ही नखाने सारवणाचं शेण उकरत होता.

मी तोंड उघडलं. मी सगळं सांगणार होतो, कंदील, बोरा, निळा कागद. पण माझ्याआधी तुमच्या शेजारच्या सुगंधाबाई बोलल्या, “हालला नाई कसा वो? सावलीच्या नाटकात माया बोऱ्याच्या म्होरंच तं बसले होते दोघं. मले टेज दिसे नाई. मीच म्हटलं ना, भूपेश, मुंडी खाली घे.”

तुमचे वडील म्हणाले, “सुगंधा, तुये डोये गेले.”

तेव्हा पंचांमधले वारलूभाऊ खाकरले. “डोये नाई गेले तिचे. म्याही पाह्यलं. गोंडपिपरीकडच्या नाटकात. भजे घ्यायले तो माया मांगं उभा होता. दोन पुडे घेतले. म्या म्हटलं, दुसरा कोणासाठी बे? तं लाजला.”

मग कुडाजवळून एकेक आवाज यायला लागला. कोणी मूल गावच्या वाटेवर तुमच्या राजदूत फटफटीवर दोघांना पाहिलं होतं. कोणाच्या पोराला दामिनीने शेंगा दिल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, “म्या तं तिले आशीर्वादही देल्ला, लवकर पोरगा होऊ दे म्हणून.” सगळ्या तालुक्यात नाटकाला न जाणारं माणूस कुठे असतं? तुम्ही लपायला जागा शोधलीत ती अशी, जिथे आजूबाजूची सगळी गावं रात्रभर बसलेली असतात.

तुमच्या वडिलांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा मला म्हाताऱ्या माणसाचा दिसला. ते म्हणाले, “म्हणजे साऱ्या गावाले माहीत, अन् एकट्या मलेच नाई?”

वारलूभाऊ म्हणाले, “तुमीच तं नाटक सोडलं ना, गुणवंतभाऊ. आले असते तं दिसलं असतं.”

लोक हसले. थापडेच्या रात्री हसले होते, तसेच. पण या वेळी तुमचे वडील कोणावर ओरडले नाहीत. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं. आवाजात राग नव्हता, हे मी शत्रू असूनही सांगतो. “भूपेश, हे लोक बोलून राह्यले ते खरं हाये का?”

सगळं तुमच्या बाजूने उभं होतं. गाव बोललं होतं, पंच बोलले होते, बाप मऊ झाला होता. तुम्हाला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. आणि तुम्ही म्हणालात, “लोक म्हणते, तं असन.”

असन! म्हणजे असेलही, नसेलही!

नांगराचा बैल कोणाचा विचारलं तर ‘असन’ चालतं. उद्या पाऊस येईल का, असन. पोटातल्या लेकराला ‘असन’?

त्यावरही पंच समाधानी झाले. तुमचे वडील खाटेवरून उठले, म्हणाले, “माफी-बिफी राहू द्या. चाल पोरी, ऊन हाये, घरात ये.” पाच महिने मी ज्यासाठी तुमच्याशी भांडलो, ते त्या एका वाक्यात मिळालं. आईने तर पिशवी उचलून तुमच्या ओट्यावर ठेवलीसुद्धा.

दामिनीबाईने ती पिशवी परत उचलली. तुमच्या वडिलांच्या पाया पडली, माफीसाठी नाही, निरोपासाठी. म्हणाली, “मामाजी, तुमच्यावर माया राग नाई. तुमी विचारलं तरी. हा ‘असन’ म्हणते. असन म्हणणाऱ्याच्या घरात मी पाय ठेवत नाई. चाल मिथुन.”

वाटेत ती एकदाही रडली नाही. तलावाच्या पाळीवर आल्यावर मात्र बसली आणि मला म्हणाली, “नाटकात लय गोड बोले रे तो.” मला पहिल्यांदा असं वाटलं की तुम्ही माझ्यावर हसलात ते परवडलं, पण हे नको होतं.

तुम्ही काल निरोप धाडलात की परसोडीला हंगामाच्या शेवटच्या नाटकाला तिने यावं, तिथे बोलू. ती येणार नाही. तिने सांगितलं तसं लिहितो.

यायचं असेल तर आमच्या घरी या. अंधार पडल्यावर नको, बंडीच्या आडून नको. भर दुपारी बोरटोल्याहून निघा आणि राजदूत घरी ठेवून पायी या. वाटेत प्रत्येक जण विचारेल, “कुठी चालला, भूपेश?” जो विचारेल त्याला थांबून सांगा की बायकोला आणायला चाललो, तिच्या पोटात माझं लेकरू आहे. तुमच्या वडिलांपासून सुरुवात करा. आमच्या दारापर्यंत एकालाही ‘असन’ म्हणू नका. आमची गावं बोलकी आहेत. म्हणालात तर तुमच्या आधी ते आमच्या घरी पोचेल, आणि दार लावलेलं असेल.

हे तिचं म्हणणं. मला विचाराल, तर येऊच नका. पण ती मला विचारत नाही. रोज दुपारी जेवण झालं की ती दाराशी तांदूळ निवडत बसते, आणि निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडते.

मिथुन